बिनाकामाची चक्कर

हे लिहावं की नाही, या विचारात माझे पंधरा दिवस गेले. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नाही. मी आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेत, कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून. या वेळी कोणी काही विचारलेलं नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची पुरती माहितीही मला नाही. त्यांचा जन्म कोणत्या गावचा, वर्ध्याला ते कधी आले, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. हात कच्चा आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव पुंडलिकराव. सगळे भाऊ म्हणत. वर्ध्यात जुन्या कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं बायंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला लाकडी शिकंजा, त्यात दाबून ठेवलेली रजिस्टरं, खाली पुठ्ठ्यांचे तुकडे, आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीत ते मोरचूद घालत, त्यामुळे कसर लागत नाही. त्यांच्या बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे कायम असत. विचार करताना ते अंगठ्याच्या नखानं एकेक पापुद्रा काढत. पापुद्रा निघाला की उत्तर येई.

मी हिंगणीचा. मॅट्रिक झाल्यावर वर्ध्याला कॉलेजात नाव घातलं आणि बाबांच्या एका लांबच्या मावसभावाकडे राहिलो. पुस्तकं जुनी घेतलेली, त्यातल्या इतिहासाच्या पुस्तकाची पाठ सुटली होती. ते घेऊन मी भाऊंकडे गेलो. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "कोणतं पान आधी फाटलं?"

मला प्रश्नच कळला नाही. पुस्तक सगळंच फाटलं होतं.

"अरे बाबू, सबन पुस्तक एका दिवसात नाई फाटत. एक पान आधी सुटते, मंग बाकीचे त्याच्या मागं जातेत. ते कोणतं, ते पाह्यलं पाह्यजे. नाई तर म्या आज शिवलं अन् तू दिवाळीले परत आणशीन."

आम्ही दोघांनी मिळून पान शोधलं. ते एका लढाईचं पान होतं, परीक्षेत हमखास विचारलं जाणारं. भाऊंनी त्या पानाच्या मुळाशी पातळ कापडाची पट्टी लावली आणि मग पुस्तक शिवलं. ते पुस्तक आजही माझ्याजवळ आहे. त्याची बाकीची पानं सुटली, ते पान सुटलं नाही.

जाताना त्यांनी मला बजावलं, "परीक्षा झाली का सांगाले येजो, त्याचं काय झालं ते."

हे "त्याचं काय झालं?" त्यांच्या तोंडी सारखं असे. कोणाच्या म्हशीबद्दल, कोणाच्या बदलीबद्दल, कोणाच्या आजारी आईबद्दल एकदा ऐकलं की पुढच्या भेटीत हा प्रश्न ठरलेला. मला सुरुवातीला वाटे, माणसाला भोचकपणाची सवय आहे. मग लक्षात आलं की ते विचारून थांबत, मध्ये बोलत नसत. लोक सांगत राहत.

शहरातल्या बहुतेक कचेऱ्यांची, शाळांची आणि वाचनालयाची रजिस्टरं भाऊ बांधत. भाऊ स्वतः जेमतेम मोठी अक्षरं वाचू शकत. जिल्ह्याचं सगळं लिखाण त्यांच्या हातांखालून जाई आणि त्यातलं फार थोडं त्यांना वाचता येई. पण कोणत्या टेबलाशी कोण बसतो, त्याला मुलं किती, त्याचा गुडघा कोणत्या पायाचा दुखतो, हे त्यांना पाठ होतं. याचं कारण त्यांची शनिवारची चक्कर.

शनिवारी कचेऱ्या अर्धा दिवस. कचेरी सुटायच्या तासभर आधी भाऊ काळी टोपी घालून निघत. हातात काही नसे. ज्यांच्याकडे त्या आठवड्यात काम असे, त्यांच्याकडे ते शनिवारी चुकूनही जात नसत. ज्यांच्याकडे काहीच काम नाही, त्यांच्याकडेच जात. याला ते बिनाकामाची चक्कर म्हणत. एकदा मला घेऊन गेले.

पहिल्यांदा गेलो ते वाचनालयात. तिथले चिटणीस मुळे वकील पुस्तकांच्या यादीचं रजिस्टर चाळत होते. भाऊंनी ते सहा महिन्यांपूर्वी बांधलेलं. त्यांनी हात लावून पाहिलं.

"वकीलसाहेब, कोणतं पान आधी सुटून राह्यलं?"

मुळे हसले. "कादंबऱ्यांचं. दुसरं कुठलं असणार? हे बघा, धार्मिक ग्रंथांची पानं कशी कोरी करकरीत आहेत."

"म्हणजे वर्ध्यात पाप वाढलं."

"पाप नाही हो, वाचन वाढलं."

"मंग पुढच्या रजिस्टरात कादंबऱ्याइले जाड कागद लावतो. धरमाले पातळ चालन."

बस, एवढंच बोलणं. चहा झाला, मुळे वकिलांच्या मुलीच्या खोकल्याची चौकशी झाली, आम्ही निघालो. मी रस्त्यात विचारलं, "भाऊ, आपण गेलो कशाला होतो?"

"कायले म्हणजे? पाहाले."

"पण काही मागितलं नाही तुम्ही."

त्यांनी एक पापुद्रा काढला. "मागाचं असलं का मी सोमवारी जातो."

मला तेव्हा हे नीट कळलं नाही. आमच्या गावात कोणी कोणाकडे जातं ते बैल मागायला, निरोप द्यायला, नाहीतर भांडायला. शहरात तर मी कोणाच्या दारात उभा राहायलाच भीत असे.

भाऊंची आणखी एक रीत होती. लोक त्यांच्याकडे येत, कारण त्यांची ओळख सगळीकडे. "अमक्या साहेबाले एक चिठ्ठी द्या," म्हणत. भाऊंनी कधी कोणाला चिठ्ठी दिली नाही. कोणाकडून लिहवूनही दिली नाही. ते म्हणत, "चिठ्ठीले काई विचारता येते काय? मले विचारता येते. चाल, मी येतो सोबत." आणि हातातलं काम ठेवून खरंच सोबत जात. तिथे गेल्यावर माणसाला पुढे करून दोनच गोष्टी सांगत. एक त्याचा गुण, आणि एक त्याची खोड. दोन्ही खऱ्या. गुण सांगून थांबले असं कधी झालं नाही.

या रीतीनं घोटाळेही होत. एका परिचिताच्या मुलाचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी भाऊंना मध्यस्थ म्हणून बोलावलं. भाऊंनी सांगितलं, मुलगा मेहनती आहे, आणि झोपेत उठून चालतो. मुलीकडचे चहा न घेताच उठले. मुलाचा बाप तेव्हापासून भाऊंशी बोलत नसे. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, हे सांगताना अजून कपाळाला हात लावत. "यायले कोनी लगनात नेऊ नका बापा. नवरदेवाच्या बापाले इचारा, थो आज बी हे गल्ली सोडून जाते."

भाऊ आतून म्हणत, "तो झोपेत चालतच होता. हिरीत पडला असता तर?"

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय भाऊ पुरते दिसणार नाहीत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी मी जिथे राहत होतो तिथली सोय संपली. घरात माणसं वाढली, मला जागा उरली नाही. बाबांना कळलं तेव्हा ते मोटारीनं आले. ते रागावले नाहीत. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाय. सोय लागली तर शिक. नाई लागली तर पेटी घेऊन घरी ये. वावरात तुह्या हाताचं काम हाये." मी होय म्हणालो. बाबांच्या आवाजात मी परत यावं अशी थोडी इच्छा होती, तीही मला ऐकू आली.

त्याच सुमारास वाचनालयात संध्याकाळच्या वेळेसाठी एक साहाय्यक हवा असल्याचं समजलं. मागची लहान खोली राहायला मिळणार होती. मी भाऊंकडे धावलो.

"चाल, मी येतो सोबत," ते म्हणाले.

मी जागचा हललो नाही. बराच वेळ चाचरून शेवटी म्हणालो, "भाऊ, एक विनंती आहे. या वेळी खोड सांगू नका."

"मंग मी कायले येऊ?"

"माझा गुण सांगा ना फक्त. एवढ्या वेळेला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग शिकंज्याकडे वळले आणि कामाला लागले. मला राग आला. माझं सगळं कॉलेज पणाला लागलंय आणि या माणसाला आपल्या रीतीची पडली आहे, असं वाटलं.

मी दुसरा रस्ता धरला. आमच्या भागातले एक पुढारी होते, त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. त्यांच्या बैठकीत दोन तास बसलो. त्यांनी माझं नाव विचारलं, कोणाचा म्हणून विचारलं, आणि छापील कागदावर सुंदर चिठ्ठी दिली. मुळे वकिलांच्या नावाची. त्यात लिहिलं होतं: 'हा मुलगा माझ्या घरचाच समजावा.' ती चिठ्ठी मी वाटेत तीन वेळा वाचली. कोणीतरी मला आपल्या घरचा म्हटलं, याचा मला खरोखर आनंद झाला होता.

ठरलेल्या दिवशी वाचनालयात आम्ही पाच उमेदवार बाकावर बसलो. मुळे वकिलांनी आम्हाला एकत्रच आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर पाच चिठ्ठ्या ओळीनं मांडलेल्या. पाचही छापील कागदावर, पाचही अण्णासाहेबांच्या. मुळे वकिलांनी चष्मा लावला आणि एकेक वाचली. हा मुलगा माझ्या घरचाच समजावा. हा मुलगा माझ्या घरचाच समजावा. तिसऱ्या चिठ्ठीला त्यांनी चष्मा काढला.

"अण्णासाहेबांचं घर मोठं दिसतं," ते म्हणाले. "तुम्ही भाऊ भाऊ आपसात ठरवा आणि मला सांगा."

आम्ही पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण पवनारचा होता, एक केळझरचा. मी कोणालाच ओळखत नव्हतो. आमच्यापैकी कोणाला घ्यायचं हे त्या दिवशी ठरलं नाही. मुळे वकील म्हणाले, आठ दिवसांनी बघू.

त्या दुपारी मी भाऊंच्या दुकानासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच आतून हाक मारली. "बाबू, उन्हात काऊन फिरून राह्यला? त्याचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसल्या त्या वहिनी, आतून. भाऊंनी दाभण खाली ठेवलं, हात धुतले, टोपी घातली.

"चाल."

"आत्ता?"

"मंग काय मुहूर्त पाहू?"

मुळे वकील घरी ओट्यावर बसले होते. भाऊंनी मला पुढे केलं. माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता.

"वकीलसाहेब, हा हिंगणीचा. माह्या दुकानात दीड वर्षापासून येते. पुस्तक घेतलं का पाहून जागच्या जागी ठेवते, मले मागं शोधा लागत नाई. हा गुण. आता खोड. माणसाशी बोलाले भेते. कोणी याले पुस्तक मागितलं तर हा आधी घाम पुसन, मंग पुस्तक शोधन."

मी खरोखर त्याच वेळी घाम पुसत होतो. मुळे वकील मोठ्यानं हसले.

"अहो, मग वाचनालयात याला ठेवून करू काय?"

"बोलाले शिकवता येते. पुस्तक जागेवर ठेवाले मी आजपर्यंत कोणाले शिकवू शकलो नाई. स्वतःच्या पोरालेही नाई."

मुळे वकिलांनी जरा विचार केला. "एक महिना पाहू," ते म्हणाले. "आणि पुंडलिकराव, याची खोड गेली की नाही ते तुम्ही येऊन सांगायचं."

"शनिवारी येतोच मी."

दिवाळीला मी पेटी घेऊन निघालो तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत. बाबा आले, खोली पाहिली, खिडकी उघडून बंद करून पाहिली. "बरी हाये," म्हणाले.

पुढचे चार शनिवार भाऊ खरंच आले. मला काही विचारत नसत, वाचकांनाच विचारत: "हा पोरगा बोलते का?" पहिल्या शनिवारी सगळ्यांनी नाही सांगितलं. तेव्हा त्यांनी मला एक काम दिलं. पुस्तक परत घेताना वाचकाला एक प्रश्न विचारायचा: "कसं होतं?" बाकी काही बोलायचं नाही. मी घोकून घोकून विचारू लागलो. लोक उभे राहून सांगू लागले. निवृत्त हेडमास्तर होते, ते अर्धा तास सांगत. कॉलेजचे एक प्राध्यापक, ज्यांच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसून कधी तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी एक दिवस उलट मलाच विचारलं, तुला कसं वाटलं? महिना संपला तेव्हा मुळे वकिलांना भाऊंनी सांगितलं, "घाम अजून येते. पण आता बोलून झाल्यावर येते."

पुढे आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कचेऱ्यांमधले बरेच जुने बाबू बदलून गेले, नवे आले. छापील, बांधीव रजिस्टरं वरूनच येऊ लागली. भाऊंच्या शिकंज्यात आता बहुतेक शाळेच्या मुलांची पुस्तकं असत. पण शनिवारची चक्कर चालूच. एकदा मी सोबत होतो. रेकॉर्डच्या खोलीत एक नवा कारकून बसला होता, कोकणाकडचा.

"काय काम आहे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"काम नाई."

"काम नाही तर आलात कशाला?"

भाऊ "बरं" म्हणाले आणि परत फिरले. मला अपमान वाटला, त्यांना वाटलेला दिसला नाही. पुढच्या शनिवारी गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी त्या माणसानं स्वतःच विचारलं, "अहो काका, इथे चांगलं दूध कुठे मिळतं? मुलाला बाहेरचं चालत नाही." भाऊ त्याला घेऊन गवळ्याकडे गेले. गवळ्यालाही सांगितलं म्हणे, हे साहेब इमानदार आहेत, खोड एवढीच की मान वर करत नाहीत.

बी.ए. झाल्यावर त्या प्राध्यापकांनी नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासाठी शब्द टाकला. तिथे अर्धा दिवस काम करून एम.ए. करता येणार होतं. भाऊ म्हणाले, "मी येतो सोबत." पॅसेंजरनं आम्ही दोघं नागपूरला गेलो. तिथल्या ग्रंथपालांसमोर त्यांनी मला उभं केलं. गुण तोच सांगितला. मग खोड सांगितली.

"आता बोलते. पण याले एक नवी खोड लागली. काम झालं का मागं पाहत नाई."

मी बाहेर आल्यावर म्हणालो, "भाऊ, हे खोटं आहे." ते म्हणाले, "खोटं असन तर चांगलंच हाये."

त्यानंतर मी वर्ध्याला दोनदा गेलो. एकदा मार्कलिस्टच्या नकलेसाठी. दुसऱ्यांदा, माघात, चारित्र्याचा दाखला हवा होता म्हणून. भाऊ दुकानाच्या उंबऱ्यावर बसले होते. पाय सुजलेले, एका मुलाची अंकलिपी शिवत होते. मला पाहून त्यांना बरं वाटलं. वहिनींना चहा टाकायला सांगितला आणि मग सहज विचारलं, "आज काय काम काढलं?"

मी दाखल्याचं सांगितलं.

"चाल, मी येतो सोबत," म्हणत ते भिंतीला धरून उठले. मी नको नको म्हणत होतो. ते कॉलेजपर्यंत चालत आले. दोनदा थांबले, दोन्ही वेळा ओळखीचा माणूस भेटल्याचं निमित्त करून. दाखला मिळाल्यावर मला गाडी गाठायची होती. मी वळून पाहिलं तेव्हा ते एका पानवाल्याशी बोलत होते. काहीतरी विचारून, मान तिरपी करून, त्याचं ऐकत उभे होते.

या वर्षी जुलैत, कॉलेज सुरू होताना, ग्रंथालयात एक मुलगी आली. सोबत तिचे मामा. ती सेलूकडची, मॅट्रिक झालेली, नाव कुसुम. मुलींच्या वसतिगृहात जागा हवी होती. तिच्या हातात चिठ्ठी नव्हती. ती टेबलासमोर सरळ उभी राहिली आणि पाठ म्हटल्यासारखं बोलली.

"दादा, पुंडलिकभाऊंनी पाठवलं. दोन्ही सांगजो म्हणाले होते. माझं गणित चांगलं आहे. अन् कोणी चूक दाखवली का मले रडू येते."

मला इतकं हसू आलं की समोरच्या वाचकांनी माना वर केल्या. वसतिगृहाच्या बाई ग्रंथालयात नेहमी येत, मी त्यांना ओळखत होतो. आम्ही तसेच उठून त्यांच्याकडे गेलो आणि मी कुसुमच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या, मधे काही न लपवता. जागा होती. अर्ज घेतला गेला.

परत येताना मी तिला विचारलं, "आणि माझ्याबद्दल भाऊ काय म्हणाले? दोन्ही सांग."

तिनं मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "सांग ना वं."

"म्हणाले, तो तुले मदत करन, त्याची काळजी नाई. पण काम झाल्यावर तूच त्याच्याकडं जात राह्यजो. तो येणार नाई."

मी म्हणालो, "मामा, भाऊंना सांगा, या शनिवारी मी पॅसेंजरनं येतो. आणि काही काम नाही, हे मुद्दाम सांगा."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"तुमाले कोणी कळवलं नाई काय? आमाले वाटलं, तुमाले मालूम असन. भाऊ तर अक्षय तृतीयेच्या आधीच गेले. परीक्षा झाली तवा हिले म्हणाले होते, निकाल लागला का मी स्वतः घेऊन जाईन नागपूरले, नाई जमलं तर तूच दोन्ही सांगजो. गेले त्या दिवशी शनिवार होता. टोपी घालून, चपला घालून ओट्यावर बसले होते. वहिनीले वाटलं, चक्करीवर निघाले."